गॅरेजच्या गोष्टी आमच्या पोरांना सांगू नका

बालाघाटी: वाळूजकरांची कालची ती ‘संघर्षातून शिका’ पोस्ट वाचून डोकं फिरलंय. म्हणे अमेरिकेतली पोरं गॅरेजात कंपन्या काढतात आन् मराठवाड्यातली तलाठी भरतीच्या मागं पळतात, आपल्यात जिगरच नाही. ॲमेझॉन गॅरेजातच निघालं, कबूल. पण १९९५ मध्ये ती काढणाऱ्या बेझोसच्या आईवडिलांनी जवळपास अडीच लाख डॉलर घातले, ते कोण सांगणार? त्याचं बुडालं असतं तर त्याला वॉल स्ट्रीटवर परत नोकरी होती. आमच्याकडं बाप जमीन गहाण टाकतो. बुडाल्यावर काय होतं ते मला लिहायला लावू नका.

वाळूजकर: झालं रडगाणं सुरू. इन्फोसिस बघा. १९८१, भांडवल दहा हजार. फोन मिळवण्यात वर्ष गेलं, स्वतःचा कॉम्प्युटर यायला १९८३ उजाडलं, आन् १९९० मध्ये कंपनी विकून टाकायची चर्चा झाली. आमच्या पोराला सहा महिन्यांत फंडिंग नाही मिळालं की लगेच पुण्याची बस.

गोदाकाठची: ते दहा हजार नारायण मूर्तींच्या बायकोचे, सुधा मूर्तींचे होते, तेवढंही लिहा. नवरा-बायको दोघं एकाच कंपनीत नकोत म्हणून इंजिनिअर बाई बाहेर राहिली. तिचा संघर्ष कोणत्या पोस्टीत येतो?

वाळूजकर: ताई, तो वेगळा धागा काढा.

गोदाकाठची: काढते. तिथंही हेच म्हणाल.

मांजराकाठ: माझं ऐका. पुतण्यानं सोयाबीनचा ओलावा मोजायचं यंत्र केलं, मोबाईलला जोडलेलं. आडत्याच्या कट्ट्यावर, माल घेतात तिथं, १२ टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव कापतात, म्हणून. यंत्र चोख. पण घेतं कोण? शेतकरी म्हणायचा, “खरा आकडा कळून करू काय? ट्रॅक्टरचं भाडं चढायलंय, माल हितंच टाकायचाय.” बँकेनं विचारलं, तारण काय?

परभणीकर: ओलावा हे निमित्त आहे हो! २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, कट्ट्यावर त्याच्या कितीतरी खाली. वर खरेदी केंद्रावर नोंदणी करा, मेसेजची वाट बघा. तोवर दुकानदार खताचे पैसे मागायला दारात.

आडत्या: सगळं आमच्याच डोक्यावर फोडा. पावसात भिजलेला माल आणायचा आन् कोरड्याचा भाव मागायचा. तो गोदामात काळा पडला की तेलाचा प्लांटवाला आमचं कापतो, तेव्हा कोणी पोस्ट टाकत नाही.

परभणीकर: तुमच्या मीटरवर १६ आन् शेजारच्या मीटरवर १३, ते कसं?

आडत्या: मग शेजारी जा की! तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय?

परभणीकर: तुमच्याकडून आधीच उचल घेतलीय ना मालक, तिनंच बांधलंय.

बालाघाटी: विषय काय, चाललंय काय.

मांजराकाठ: विषय हाच आहे. घरं भाड्यानं देणाऱ्या एअरबीएनबीवाल्यांनी २००८ च्या अमेरिकी निवडणुकीत ओबामा-मॅकेन या उमेदवारांच्या नावाची खोकी छापून नाश्त्याचं सिरिअल विकलं, कंपनी तगवली. लोक त्यातली जिद्द सांगतात. मला एवढंच दिसतं, की तिथं चाळीस डॉलरला खोकं घेऊन रोख मोजणारं गिऱ्हाईक होतं.

वाळूजकर: बरं बाबा, जिगरीचा शब्द मागं घेतो, खूश? पण पुतण्याचंही चुकलंच. ज्याचा माल पडून आहे त्याला यंत्र विकायचं नसतं. जो रोज हजारो पोती घेतो त्याला विकायचं. एवढं तर या गोष्टींतून कळतं.

मांजराकाठ: म्हणजे आडत्याला खरा आकडा विकायचा? तुम्ही वाळूजच्या एमआयडीसीतून बाहेर पडलाय का कधी?

आडत्या: अहो, मला पाहिजे की. प्लांटवाल्याच्या मीटरचा मलाही भरवसा नाही. एक पाठवून द्या. पैसे सीझन उरकल्यावर.