वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम परसबागेत करता येईल का?

प्रश्न (कुडाळहून):
नमस्कार. आमच्या परसात टोमॅटोची रोपे फुलोऱ्यावर येईपर्यंत छान वाढतात आणि मग एखादे हिरवेगार रोप, पाने पिवळी न पडताच, भर दुपारी मान टाकते, संध्याकाळी थोडे सावरते आणि दोन-तीन दिवसांत मरते. जागा लहान असल्याने वाफा बदलण्याची सोय नाही. वांग्यावर टोमॅटोचे कलम केल्यास मर टळते, असे वाचले. हे घरच्या घरी जमेल का, आणि खुंटासाठी, म्हणजे कलमाच्या मुळांकडच्या भागासाठी, कोणतेही वांगे चालेल का?

उत्तर १:
ताई, आधी रोगाची खात्री करून घ्यावी. कोमेजलेल्या रोपाच्या बुंध्याचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरट धार खाली उतरू लागली, तर ती राल्स्टोनिया जिवाणूमुळे होणारी मर समजावी. बुरशीमुळे होणाऱ्या मरीत अशी धार दिसत नाही. कोणतेही वांगे मात्र चालणार नाही, कारण हाच जिवाणू वांग्यालाही मारतो. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे अर्का केशव आणि अर्का निधी हे वांग्याचे वाण या मरीला प्रतिकारक आहेत. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने याच कामासाठी ईजी २०३ या वांग्याची शिफारस केली आहे. शिवाय पाणी साचलेल्या जमिनीत वांग्याची मुळे टोमॅटोच्या मुळांपेक्षा अधिक तग धरतात, आणि कोकणातल्या पावसात हा लाभ लहान नाही.

उत्तर २:
साहित्य फारसे लागत नाही, पण वेळ साधावी लागते. वांग्याची रोपे सावकाश वाढतात, म्हणून त्यांचे बी टोमॅटोच्या काही दिवस आधी पेरावे. कलमाच्या वेळी दोन्ही खोडे सारख्याच जाडीची, साधारण दीड ते दोन मिलिमीटरची, आणि बी रुजताना येणारी पहिली दोन पाने (बीजदले) सोडून दोन-तीन खऱ्या पानांची असावीत. ऊन चढण्यापूर्वी सावलीत बसून नव्या ब्लेडने वांग्याचे खोड बीजदलांच्या वर सुमारे ४५ अंशांत तिरके कापावे, टोमॅटोचा शेंडाही त्याच कोनात कापावा, आणि बारीक लवचीक रबरी नळीच्या उभ्या चिरलेल्या तुकड्यात दोन्ही काप फट न राहता जुळवावेत. रोपवाटिकांतील सिलिकॉनच्या चिमट्या मिळाल्यास उत्तमच.

माझ्या मते काप करण्यापेक्षा त्यानंतरचा आठवडा अधिक महत्त्वाचा आहे, कारण खोड जुळेपर्यंत शेंड्याला मुळांकडून पाणी मिळत नाही. म्हणून रोपे झाकणाच्या पारदर्शक डब्यात, तळाशी थोडे पाणी ठेवून, पहिले दोन-तीन दिवस अंधारात आणि साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवावीत. सांध्यावर पाणी पडू देऊ नये. त्यानंतर मंद उजेड दाखवावा आणि झाकण रोज थोडे अधिक वेळ उघडावे. एकदम उघडल्यास जुळत आलेले कलमही सुकते.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. पेल्यात धार स्पष्ट दिसली, तेव्हा जिवाणूच आहे. आम्ही टोमॅटोला नेहमी मातीची भर देतो. ती कलमी रोपालाही द्यावी का?

उत्तर ३:
कृपया देऊ नये. टोमॅटोच्या खोडाला ओली माती लागताच मुळे फुटतात, आणि ती जमिनीत उतरली की जिवाणूला थेट वाट मिळून खुंटाचा उपयोग संपतो. सांधा मातीच्या चांगला वर राहील अशी लागवड करावी, रोपाला काठीचा आधार द्यावा आणि सांध्याखाली वांग्याची रुंद पाने असलेले फुटवे दिसताच ते काढून टाकावेत. पांढऱ्या माशीमार्फत येणारा, पाने आखडवणारा विषाणू या कलमाने रोखला जात नाही. त्यासाठी रोपे लहान असताना बारीक जाळीखाली ठेवावीत. बी धरणार असाल, तर ते टोमॅटोचेच असेल आणि खुंटाचा प्रतिकार त्यात उतरणार नाही, त्यामुळे पुढच्या हंगामासाठी वांग्याचे बी वेगळे जपून ठेवावे.