ट्रान्सप्लांटनंतर पाचव्या महिन्यात रोज संध्याकाळी ताप, टीबीच्या गोळ्या सुरू कराव्यात का? (कोल्हापूर)

सातवीगल्ली | ९ जून, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगते.

धाकटा भाऊ, वय ३४. जानेवारीत पुण्यात किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी आईची. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, चढला की वाईट) १.२ वर स्थिर होतं. गेले बारा दिवस संध्याकाळी साडेपाच-सहाला अंग मोडून येतं, ताप १००.६ पर्यंत चढतो आणि पहाटे बनियन भिजवून उतरतो. भूक मेली आहे. दिवसातून तीन-चार वेळा पातळ होतंय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला, "थोडी सावली वाटते, टीबी धरून चालू" म्हणाले आणि एकेटीची (टीबीच्या गोळ्यांची) चिठ्ठी दिली. गोळ्या आणल्यात, पाकीट अजून फोडलेलं नाही. पुण्याची तारीख २४ जूनची आहे.

सध्या चालू: शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन; आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सेप्ट्रान. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर म्हणून एक महागडी गोळी होती, ती तीन महिने पूर्ण झाल्यावर एप्रिलमध्ये बंद केली.

त्यात काकू आज गुळवेलीचा काढा बाटलीत भरून घेऊन आलीय. "पोराची प्रतिकारशक्ती वाढवा आधी." आईला ते पटलंय.

तर: गोळ्या सुरू करू का? काढा देऊ का? आणि इथे कोल्हापुरात मधल्यामध्ये दाखवायला कोण आहे? दर वेळी पुणे म्हणजे पाच तास जायचे, पाच यायचे, आणि आई स्वतः ऑपरेशनमधून उठलेली.

पांढरारस्सा | ९ जून, रात्री ११.३२

ताई, पाकीट फोडू नका. बाकीचं मागनं बोलू.

माझं ट्रान्सप्लांट २०१४ चं, बायकोची किडनी. एकेटीच्या पाकिटात रिफॅम्पिसिन असतंय, लाल-नारिंगी लघवी होते ते. ते लिव्हरला असलं कामाला लावतंय की टॅक्रोलिमस रक्तात टिकतच नाही. टीबी असला तर औषध घ्यायलाच लागतंय, पण टॅक्रोलिमसचा डोस त्याच्याबरोबर चढवायला लागतो, कधी कधी कितीतरी पट, आणि दोन-चार दिवसाला लेव्हल बघायला लागते. न्हाईतर रिफाब्युटिन देतात. हे सगळं ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांनी करायचं काम आहे, गल्लीतल्या नव्हे. आमच्या वॉर्डात एक जण हेच करून बसला होता. टीबी बरा झाला, किडनी गेली.

दुसरं, २४ तारखेची वाट बघू नका. बारा दिवस ताप म्हणजे आज रात्रीच ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन. डिस्चार्ज कार्डावर खाली नंबर असतो बघा. मध्यरात्र असली तरी करायचा, त्यासाठीच दिलाय तो.

आणि ताप आला म्हणून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम असलं काही नको. किडनीला चालत नाही.

निसर्गप्रेमी | १० जून, सकाळी ६.५०

सर्व औषधे शेवटी रसायनेच. ताप हा शरीराचा लढा आहे. गुळवेल (अमृता) हजारो वर्षांपासून प्रतिकारशक्तीसाठी वापरली जाते. काकूंचे ऐकायला हरकत नाही. अश्वगंधाही सोबत द्यावी.

काउंटरमागचा | १० जून, सकाळी ८.१५

निसर्गप्रेमी, हरकत आहे आणि मोठी आहे. मी गेली अठरा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे, त्यामुळे हे रोज सांगतो.

ताईंच्या भावाची प्रतिकारशक्ती "कमी झालेली" नाही, ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे. आईची असली तरी त्याच्या शरीराच्या लेखी ती किडनी परकी. पहारेकऱ्यांना अर्धवट गुंगीत ठेवलंय म्हणून ती टिकली आहे. आता त्या पहारेकऱ्यांना जागं करायचा काढा द्यायचा म्हणजे त्यांना आईच्याच किडनीवर सोडायचं. काढ्याने ते कितपत जागे होतात हा वेगळा प्रश्न, पण ज्याच्याकडे ही एकच किडनी आहे त्याच्यावर तो प्रयोग कशाला? शिवाय गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याचे रुग्ण कोविडच्या काळात मुंबईत नोंदले गेले आहेत.

अशाच न विचारता घेतल्या जाणाऱ्या अजून काही गोष्टी. खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं किंवा नायट्यासाठी फ्लुकोनाझोल, तर टॅक्रोलिमस उलट वाढतं. हात थरथरतात, क्रिएटिनिन चढतं. गणपतीत बाजारात पपनस येतं, तेही नको, त्याच कारणाने. गोळीचा ब्रँड दुकानदार बदलून देत असेल तर घेऊ नका. मी स्वतः दुकानदार असून सांगतोय.

ताई, एक विचारतो. जुलाब आणि ताप एकत्र आहेत, आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर एप्रिलमध्ये बंद झालंय. रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती आहेत? सीएमव्ही पीसीआर (त्या व्हायरसची रक्ततपासणी) केलंय का?

सातवीगल्ली | १० जून, सकाळी ९.०५

रात्री पावणेबाराला कोऑर्डिनेटरला फोन लागला. आजच घेऊन या म्हणाल्या, गाडी सांगितली आहे, अकराला निघतोय. पांढऱ्या पेशी मागच्या आठवड्यात २,३०० होत्या. डॉक्टरांनी त्यावर काही म्हटलं नव्हतं. सीएमव्ही म्हणजे काय? काढ्याची बाटली मी तुळशीत ओतली, काकूला सांगू नका.

काउंटरमागचा | १० जून, सकाळी ९.२०

२,३०० हा आकडा पुण्यात पहिल्यांदा सांगा. सीएमव्ही हा व्हायरस आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. तुमच्या-माझ्या अंगात असेल, आपल्याला पत्ता नसतो. ती महागडी गोळी त्याला झोपवून ठेवायला होती. गोळी थांबल्यावर पुढच्या काही महिन्यांत तो उठतो: ताप, जुलाब, पेशी खाली. टीबी नाहीच असं मी म्हणत नाही, आपल्या देशात तो कायम यादीत असतो. पण यादीत एकटा नसतो. आणि मॅन्टू (टीबीची कातडीवरची तपासणी) निगेटिव्ह आली तर त्यावर निश्चिंत होऊ नका, दाबलेल्या प्रतिकारशक्तीत ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

पांढरारस्सा | १० जून, सकाळी ९.४४

आणि एक, आज रक्त द्यायचंय तर सकाळचं टॅक्रोलिमस घेऊन जाऊ नका!! सोबत न्यायचं, रक्त दिल्यावर घ्यायचं. रात्री नऊला घेतलं असलं तर सकाळी नऊला, गोळीच्या आधीची लेव्हल बघायची असते.

माझी गंमत सांगतो. पहिल्या वर्षी मी इमानदारीत आठला गोळी घेऊन साडेदहाला रक्त दिलं. लॅबवाल्या पोरानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लेव्हल आली १८. डॉक्टरांनी डोस निम्मा केला. पंधरा दिवसांनी नीट दिलं तर ४. क्रिएटिनिन १.१ वरनं १.९. बायोप्सी, मग तीन दिवस स्टिरॉइडची सलाईन. एका चहाबरोबर घेतलेल्या गोळीपायी. तेव्हापासून बायको रक्ताच्या दिवशी गोळीची डबी स्वतःच्या पर्समध्ये ठेवते.

सातवीगल्ली | १० जून, सकाळी ९.५१

घेतली त्याने. आठला.

पांढरारस्सा | १० जून, सकाळी ९.५३

असू दे, घाबरू नका. घेतल्याची वेळ तिथं सांगा, ते उद्या काढतील. न सांगणं वाईट.

रंकाळ्याचा_वारा | १० जून, दुपारी १.३०

मी इथे क्वचित लिहितो. माझा आजार वेगळा आहे, पण "प्रतिकारशक्ती वाढवा" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, २०१६ पासून एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर). औषध सुरू केलं तेव्हा सीडी फोर (प्रतिकाराच्या पेशींचा आकडा) ४८ होतं. सीपीआरच्या (इथल्या सरकारी हॉस्पिटलच्या) एआरटी सेंटरमध्ये गेलो, काउन्सेलर बाईंनी तासभर समजावलं, गोळ्या मोफत मिळाल्या. तिसऱ्या आठवड्यात मानेत लिंबाएवढ्या गाठी आल्या आणि १०२ ताप. औषध घेतल्यावर आजार वाढला! मला वाटलं गोळ्या लागू पडत नाहीत. चार दिवस बंद केल्या, कुणाला न सांगता.

झालं होतं असं की टीबी अंगात आधीपासून होता, पण त्याच्याशी भांडायला पेशीच नव्हत्या, म्हणून तो गुपचूप होता. एआरटीने पेशी परत आल्या, त्यांनी टीबी बघितला आणि एकदम दंगा सुरू केला. डॉक्टर त्याला आयरिस म्हणाले. म्हणजे मी आजारी पडलो ते प्रतिकारशक्ती *वाढल्यामुळे*. उपाय: एआरटी चालू ठेवायची, टीबीचं औषध द्यायचं आणि माझ्या बाबतीत काही आठवडे स्टिरॉइड, म्हणजे तीच प्रतिकारशक्ती थोडी दाबायची. गोळ्या बंद केल्या म्हणून काउन्सेलर बाई अशा रागावल्या की आई आठवली.

काउंटरमागचा यांनी सांगितलेला सीएमव्ही माझ्याही कानावर आला होता. सीडी फोर ५० च्या खाली असलं की तो डोळ्याच्या पडद्यावर जाऊ शकतो, म्हणून मला डोळे तपासायला पाठवलं होतं. सुदैवाने काही निघालं नाही. आता सीडी फोर ६०० च्या वर, व्हायरल लोड (रक्तातला व्हायरस) सापडत नाही, रोज सकाळी रंकाळ्याला चार फेऱ्या.

हुपरीकर | १० जून, रात्री ९.१५

रंकाळ्याचा वारा, तुमचं वाचून धीर आला म्हणून विचारतो. मामेभाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह, सात वर्षं औषधं नियमित, लोड निल. आता किडन्या गेल्या, आठवड्यात तीन डायलिसिस. मामी किडनी द्यायला तयार आहे. एका ठिकाणी दारातच सांगितलं, "एचआयव्ही आहे, ट्रान्सप्लांट होत नाही." खरंच होत नाही?

काउंटरमागचा | १० जून, रात्री १०.४०

होतं. दारात सांगणाऱ्याचं ज्ञान वीस-पंचवीस वर्षं मागचं आहे. साधारण अट अशी की सीडी फोर २०० च्या वर आणि व्हायरल लोड न सापडण्याइतका. अमेरिकेत अशा १५० रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये आला. तीन वर्षांनी ८८ टक्के रुग्ण हयात आणि सुमारे ७४ टक्क्यांची नवी किडनी चालू होती. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला तर २००८ पासून एचआयव्हीबाधित दात्याच्या किडन्या एचआयव्हीबाधितांनाच बसवल्या गेल्या. आपल्याकडे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नुसत्या एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. १०९७ हेल्पलाइनवरही विचारा.

पण त्या अभ्यासातली एक गोष्ट मामीला आधी सांगा. शरीराने किडनी नाकारण्याचे झटके या रुग्णांत इतरांपेक्षा दोन-तीन पट जास्त आले, तीन वर्षांत ४१ टक्क्यांपर्यंत. लोकांना वाटतं एचआयव्ही म्हणजे प्रतिकारशक्ती मुळातच कमी, मग किडनी कशाला नाकारेल? ती कमी नसते, बिघडलेली असते. एक बाजू ढिली आणि दुसरी चिडलेली. त्यात काही जुन्या एआरटी गोळ्या टॅक्रोलिमसला छळतात. रिटोनावीर असलेल्या गोळ्यांबरोबर टॅक्रोलिमस इतकं साठतं की आठवड्यातून एखादाच छोटा डोस पुरतो. डोल्युटेग्राविरचं तसं भांडण नाही. म्हणून सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते बघा. टीएलडी (डोल्युटेग्राविर असलेली एकत्र गोळी) असेल तर त्यातल्या टेनोफोव्हिरचा किडनीला त्रास होऊ शकतो, त्याबद्दल एआरटी सेंटरला विचारा. आणि डोल्युटेग्राविरवर क्रिएटिनिनचा आकडा किडनी न बिघडताही थोडा वर दिसतो, हे ट्रान्सप्लांटनंतर लक्षात ठेवायला लागेल, नाहीतर उगाच धावपळ.

हुपरीकर | १० जून, रात्री १०.५८

हे कुणी सांगितलंच नव्हतं. टीएलडीच आहे. उद्या पहिल्या एसटीने सीपीआर.

रंकाळ्याचा_वारा | १० जून, रात्री ११.०४

व्यनि (खासगी निरोप) केलाय. उद्या मीही महिन्याच्या गोळ्यांना येणार आहे, हवं तर सोबत बसू.

सातवीगल्ली | २१ जून, रात्री ८.२०

उशीर झाला, क्षमस्व. आज घरी आलो.

सीएमव्हीच निघाला. पीसीआर पॉझिटिव्ह. सीटीत टीबीसारखं काही नाही, थुंकीची जीनएक्सपर्ट (टीबीची तपासणी) निगेटिव्ह. छातीतली "सावली" फोटो काढताना श्वास नीट न घेतल्याची होती म्हणे. टॅक्रोलिमसची लेव्हल (दुसऱ्या दिवशी, गोळीआधी!) १४.६ आली. जुलाबात ती वाढते हे तिथे कळलं. क्रिएटिनिन १.६. आधी सलाईनमधून गॅनसायक्लोव्हिर, मायकोफेनोलेट निम्मं. पाचव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले, साडेसहा वाजले, आम्ही दोघी थर्मामीटर घेऊन बसलेलो, तो म्हणाला, "मला भूक लागलीय, वडापाव आण." आईला रडू कोसळलं. वडापाव मिळाला नाही, इडली मिळाली. आता तीच महागडी गोळी परत, या वेळी दिवसातून दोनदा, आणि दर आठवड्याला पीसीआर.

आठवड्याचं रक्त इथेच द्यायचं आहे. सॅम्पल वेळेत पुढे पाठवणारी लॅब कुणी सांगेल का? आणि पांढरारस्सा, तुम्ही इथे कुणाला दाखवता?

पांढरारस्सा | २१ जून, रात्री ८.४१

लई भारी बातमी! नेफ्रॉलॉजिस्ट आणि लॅब दोन्ही व्यनि करतो, उघड्या धाग्यावर नावं नकोत. लॅबवाला सकाळी नऊलाच सुई घालतो आणि आधी "गोळी घेतली का?" विचारतो, म्हणून तो आवडता.

आता पावसाळा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा रस्त्यावर आली आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडला, दोन्ही वेळेला माझी औषधं पुण्यात आणि मी इथं. जुलै लागायच्या आत महिन्याभराचा साठा घरात पाहिजे. पुराच्या पाण्यात त्याला पाय घालू देऊ नका, लेप्टो होतो. आणि ओळखीचं आहे म्हणून विचारतो: गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर धारोष्ण प्यायला जातो का तो?

सातवीगल्ली | २१ जून, रात्री ८.५०

लहानपणापासून. बाबांबरोबर जायचा. मागच्या महिन्यातही दोनदा गेला होता, "ताकद येते" म्हणून.

पांढरारस्सा | २१ जून, रात्री ८.५८

मीपण तसलाच. म्हशीखालचा फेसाळ पेला, मिशीला पांढरं. बारा वर्षं झाली सोडून. न उकळलेलं दूध आपल्याला बंद, त्यातनं टीबीपासनं ब्रुसेलापर्यंत काहीही येतंय. कट्ट्यावर जाऊ दे त्याला, गप्पा मारू दे, पण दूध किटलीत घरी आणून तीन उकळ्या. रश्शाचं विचारणार असाल तर उकळता असेल तर चालतो, मीठ बेतानं. माझं नाव उगाच नाही ठेवलेलं.