[मंडळ-लिस्ट] बर्स्ली लागलंय, बदलून मिळतं का?

वैशाली (नोव्हाय), मंगळवार रात्री

मंडळी,

आमच्या सईची मिशिगन युनिव्हर्सिटीची डॉर्म असाइनमेंट आली. नॉर्थ कॅम्पसचं बर्स्ली, आणि वर ट्रिपल, म्हणजे तिघींची खोली. आम्ही सेंट्रल कॅम्पसचं साउथ क्वाड नाहीतर निदान मार्कली तरी मिळेल असं धरून बसलो होतो. फॉर्म मुदतीच्या आत, अगदी पहिल्याच आठवड्यात भरला होता, त्यामुळे उशीर केलात असं कुणी म्हणू नका. बदलून मिळतं का, मिळत असेल तर कुणाला फोन करायचा, आणि हाउसिंगमध्ये कुणाची ओळख आहे का? ज्यांची मुलं इतक्यात ऍन आर्बरला गेलीत त्यांनी लवकर कळवा, घरात वातावरण जरा तंग आहे.

वैशाली


सुहास (कँटन), मंगळवार रात्री

वैशाली, ओळखबिळख विसर, हे काही गॅसच्या नंबरासारखं नाही. रोहनच्या वेळी 2019 ला हेच होतं, रूमचा प्रकार लावायचा, डबल का ट्रिपल का सिंगल, हॉल मागता येत नव्हता, आणि मुदतीच्या आत आलेले सगळे फॉर्म एकाच टोपलीत. पहिल्या आठवड्यात भरला काय आणि शेवटच्या रात्री भरला काय. यंदाचं पान मात्र स्वतः वाचून घे, ते नियम बदलत असतात.

आणि मुळात बदलायचं कशाला? इंजिनिअरिंगची पोरगी, तिला नॉर्थ कॅम्पस मिळाला ही चांगली गोष्ट आहे. सगळ्या लॅब तिथे, ड्यूडरस्टॅट लायब्ररी चालत दहा मिनिटांवर आणि रात्रभर उघडी. (आम्ही एमएसला होतो तेव्हा मीडिया युनियन म्हणायचे, नवी कोरी होती.) लोक नॉर्थला राहायला मिळावं म्हणून धडपडायचे आमच्या वेळी.

सुहास


मंजिरी (ट्रॉय), बुधवार सकाळी

सुहासराव, एमएसचं वेगळं आणि फर्स्ट इयरचं वेगळं, तुमचा सगळा संसार नॉर्थलाच होता, हिचं तसं नाही. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस सेंट्रलला, केमिस्ट्री सेंट्रलला, फिजिक्स सेंट्रलला, ह्युमॅनिटीजचा एखादा कोर्स घेतला तर तोही सेंट्रलला, नॉर्थला काय तर इंजिनिअरिंग 100 आणि 101, बास. म्हणजे पोरगी राहणार नॉर्थला आणि रोज सकाळी बसमध्ये बसून जाणार सेंट्रलला, आणि ज्या वर्षी खरंच नॉर्थला क्लास असतात त्या वर्षी ती डॉर्म सोडून सेंट्रलजवळ घर घेणार कारण मैत्रिणी सगळ्या तिथे. आमच्या ईशाचं डिट्टो हेच झालं. युनिव्हर्सिटीची ब्लू बस फुकट आहे, छान आहे, मान्य, पण जानेवारीत सकाळी आठच्या क्लाससाठी सात-सव्वासातला थांब्यावर उभं राहायचं म्हणजे काय ते मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना मी सांगायला नको. ईशाच्या पापण्यांवर बर्फ जमायचं, ती सेल्फी काढून पाठवायची आणि मी इकडे ऑफिसात जीव मुठीत धरून.

वैशाली, रिक्वेस्ट टाकच. टाकायला काय जातंय.

मंजिरी


सुहास (कँटन), बुधवार सकाळी

मंजिरी वहिनी, आठचा क्लास म्हणजे आठ वाजून दहा मिनिटांनी. मिशिगन टाइम विसरलात वाटतं. दहा मिनिटं हातात असतात.


तन्मय (ऍन आर्बर), बुधवार दुपारी

सुहासकाका, मिशिगन टाइम 2018 लाच बंद झाला. आता आठ म्हणजे आठ, आणि क्लास संपतो दहा मिनिटं आधी. रोहनदादा 2019 चा ना, त्याला विचारा 🙂

मी फर्स्ट इयरला बर्स्लीत होतो म्हणून लिहितोय, नाहीतर आईने सांगितलंच असतं लिही म्हणून.

वैशालीमावशी, पहिली गोष्ट, तुम्ही फोन करू नका. ते पालकांशी बोलत नाहीत, मुलगी अठराची झाली की सगळं तिच्याच नावावर. सईने तिच्या युनिकनेमने (युनिव्हर्सिटीच्या लॉगिन नावाने) लॉगिन करून स्वतः रिक्वेस्ट टाकायची. तुम्ही कितीही गोड बोललात तरी "तिलाच लिहायला सांगा" हेच उत्तर येणार.

दुसरी गोष्ट, खरा प्रॉब्लेम आठचा क्लास नाहीये, दोन क्लासच्या मधला वेळ आहे. नॉर्थचा क्लास संपला आणि दहा मिनिटांत सेंट्रलला कॅल्क, हे शक्यच नाही. बसला नुसत्या रस्त्याची दहा-पंधरा मिनिटं लागतात, वर थांब्यावर चालत जाणं, बसची वाट बघणं आणि पहिली बस भरलेली असली तर दुसरी. तेव्हा ओरिएंटेशनला रजिस्ट्रेशन करताना तिने इतकंच बघायचं की नॉर्थ आणि सेंट्रलच्या मध्ये निदान एक पूर्ण तास मोकळा आहे. सेंट्रलचं मॅथ आणि केमिस्ट्री एका सकाळी लावायचं, 101 दुपारी लावायचं आणि तिथूनच चालत रूमवर यायचं. माझा पहिल्या सेमिस्टरला मंगळवार इतका वाईट लागला होता की मी जेवणच सोडून दिलं होतं, दुसऱ्या सेमिस्टरला हे सगळं जमवलं आणि मग काही वाटलं नाही.

जेवायला बर्स्लीतच यावं लागतं असंही नाही, मील प्लॅन सगळ्या डायनिंग हॉलला चालतो. दुपारी साउथ क्वाडला जेवायचं, तिथलं जास्त बरं आहे. आणि आमच्या बर्स्लीवाल्यांचा ग्रुप अजून टिकून आहे, सेंट्रलच्या डॉर्मवाल्यांना शेजारच्या खोलीत कोण ते माहीत नसतं. बाराशेच्या वर पोरं एकाच बिल्डिंगमध्ये, आणि रात्री कुठे जायला नाही, म्हणून सगळे लाउंजमध्ये.

तन्मय


अविनाश (नॉर्थव्हिल), बुधवार संध्याकाळी

नोव्हायहून ऍन आर्बर म्हणजे एम-14 हायवेने अर्धा-पाऊण तास. मिशिगन युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरला डॉर्म सक्तीचा नाही. (मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीला आहे, पण आईवडिलांकडे राहायचं असलं तर तेही सोडतात.) मग इतके हजार डॉलर घालून मुलीला तिघींच्या खोलीत कोंबायचं आणि वर लिस्टवर काळजी करायची हे माझ्या आकलनापलीकडचं आहे. आम्ही पुण्याला कॉलेजला चिंचवडहून लोकलने जायचो. काही बिघडलं नाही.

अविनाश


मंजिरी (ट्रॉय), बुधवार संध्याकाळी

अविनाशभाऊ, तुमचा मुलगा कॅलिफोर्नियाला कुठे राहतो हो? 😀


नितीन (ऍन आर्बर), बुधवार रात्री

मी जानेवारीतच या लिस्टवर लिहिलं होतं, "यंदा ज्यांची मुलं जाणार आहेत त्यांनी लर्निंग कम्युनिटीला अर्ज करा." एकाचंही उत्तर आलं नाही, तिळगुळाच्या पाककृतीला मात्र बावीस उत्तरं. आता बर्स्ली लागल्यावर सगळे जागे.

पुन्हा सांगतो, पुढच्या वर्षीवाल्यांसाठी. हॉल थेट मागता येत नाही पण लर्निंग कम्युनिटी, म्हणजे एकाच आवडीच्या मुलांनी एकत्र राहायची सोय, मागता येते आणि प्रत्येक कम्युनिटीचा हॉल ठरलेला असतो. मुलींना सायन्स-इंजिनिअरिंगची एक आहे, रिसर्चवाली एक आहे, लेखनवाली ऍलिस लॉइडमध्ये आहे, ऑनर्सवाल्यांचं साउथ क्वाडमध्ये होतं. निबंध लिहावा लागतो आणि अर्ज हाउसिंगच्या फॉर्मबरोबरच आटपावा लागतो. आमच्या लेकीने लेखनवाली घेतली, कविताबिविता खरंच करते ती, पण खरं सांगायचं तर अर्धी मुलं सेंट्रलला राहायला मिळावं म्हणूनच येतात आणि मग दर आठवड्याच्या मीटिंगला तोंडं पाडून बसतात.

वैशाली, तुमची ती वेळ गेली. तरी सईने लिहून विचारावं, कुणी गळालं तर जागा होते.

नितीन


शुभदा (फार्मिंग्टन हिल्स), गुरुवार सकाळी

वैशाली, मला एक सुचतंय. मार्था कुक म्हणून फक्त मुलींचं हॉल आहे ना सेंट्रलला, लॉ स्कूलच्या शेजारी? 1915 चं आहे, आतून अगदी राजवाड्यासारखं, आमच्या शेजारणीची नात होती. तिथे जागा असेल तर मागून बघ. आणखीही दोन होती मुलींची, बेट्सी बार्बर आणि हेलन न्यूबेरी, ती तर स्टेट स्ट्रीटवरच. मी मुंबईला मुलींच्या वसतिगृहात राहिले, गेट साडेआठला बंद व्हायचं, पण आई निर्धास्त असायची.

शुभदामावशी


तन्मय (ऍन आर्बर), गुरुवार सकाळी

शुभदामावशी, गेट आता कुठलंच बंद होत नाही 🙂 पण मार्था कुक विचारायला हरकत नाही, रिक्वेस्टमध्ये लिहिता येईल.


प्रसाद, लिस्ट मॉडरेटर, गुरुवार दुपारी

सर्वांना नम्र विनंती, ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. शिक्षण, व्हिसा आणि घरासाठी वेगळा ग्रुप गेल्या वर्षी केलाय, त्यात सध्या मी आणि नितीन दोघंच आहोत. गणपतीच्या स्वयंसेवकांची यादी अजून अर्धी रिकामी आहे. त्या मेलला उत्तर कोण देणार?

प्रसाद


सुहास (कँटन), गुरुवार दुपारी

प्रसाद, मुलं डॉर्मला गेली की ढोल कोण वाजवणार, म्हणजे विषय मंडळाचाच झाला. सई लेझीमला पुढे असते, तिला नॉर्थ कॅम्पसहून रविवारी प्रॅक्टिसला आणणार कोण? आधी त्याचं बघा.


रेणुका (ऍन आर्बर), गुरुवार संध्याकाळी

मी आणेन, मी प्लिमथ रोडवरच राहते, बर्स्ली मला वाटेत आहे. सेंट्रलला असती तर नाही जमलं, फुटबॉलच्या शनिवारी तर मी त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही. स्टेडियममध्ये लाखावर माणसं मावतात आणि ती सगळी माझ्याच रस्त्याने येतात.

चादरींचं कुणी सांगितलं का वैशालीताई? साधी ट्विन आणू नका. ती 75 इंची गादीसाठी असते, डॉर्मची गादी 80 इंच, त्यामुळे कोपरा रात्री सुटतो. पाकिटावर ट्विन एक्सएल लिहिलेलं बघूनच घ्या, ऑगस्टमध्ये दुकानात शिल्लक राहत नाहीत. आणि बर्स्लीच्या खोल्यांना एसी नाही, एक टेबल फॅन नक्की द्या. ट्रिपलमध्ये एक पलंग वर चढवलेला असतो, वरचा पलंग सईला आला तर फॅन क्लिपवाला लागेल.

रेणुका


शुभदा (फार्मिंग्टन हिल्स), गुरुवार संध्याकाळी

रेणुका, हॉट प्लेट चालते का गं खोलीत? निदान मेतकूट-भातापुरती?


मंजिरी (ट्रॉय), गुरुवार रात्री

नाही चालत मावशी. आणि मेतकुटाचा वास तीन मुलींच्या खोलीत... बाकी दोघी पळून जातील. मग ट्रिपलची आपोआप सिंगल होईल, तसा उपाय वाईट नाही.


अविनाश (नॉर्थव्हिल), गुरुवार रात्री

माझ्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलेलं नाही याची नोंद घ्यावी. मुलगा कॅलिफोर्नियाला असणं हा वेगळा विषय आहे, तिथून एम-14 नाही.


वैशाली (नोव्हाय), शुक्रवार रात्री

सगळ्यांना थँक्यू. एकेक सांगते.

अविनाशभाऊ, घरून जा म्हणून मी तिला एकदाच म्हणाले. ती जेवणाच्या टेबलावरून उठून गेली आणि यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. शिवाय हिवाळ्यात रोज एम-14 वर तिला पाठवून मला झोप लागणार नाही, त्यापेक्षा बसच्या थांब्यावर थंडी वाजलेली बरी.

तन्मय, तू म्हणालास तसं तिलाच बसवलं. आम्ही बाजूला उभे होतो तर म्हणाली, तुम्ही खाली जा. काय लिहिलंय ते दाखवलं नाही. नंतर कळलं की हिने हॉल बदलून मागितलंच नाही, बर्स्लीतच डबल मागितलीय. म्हणजे आम्ही आठवडाभर ज्याच्यावर डोकं फोडतोय तो तिचा प्रश्नच नव्हता. तिला बसचं काही वाटत नाही, तिला तिघींचं वाटतं. मिळेल न मिळेल, वेटिंगवर आहे, क्लास सुरू झाल्यावर काही मुलं बदलतात तेव्हाही होऊ शकतं म्हणे. तोवर त्या दोघींशी हिचं बोलणं सुरू झालंय, एक ग्रँड रॅपिड्सची आहे आणि एक न्यू जर्सीची. फ्रिज कोण आणणार यावर काल दीड तास चर्चा. ट्रिपलला पैसे कमी लागतात एवढंच यांचं समाधान.

मार्था कुकचं मावशी मी तिला वाचून दाखवलं, तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

नितीन, सॉरी, तिळगुळाला मीही उत्तर दिलं होतं. अर्णवला दोन वर्षं आहेत, त्याच्या वेळी तुम्हाला आधी फोन करीन.

आता खरी अडचण. मूव्ह-इनचा दिवस आणि वेळ ठरवून दिलीय, शनिवारी सकाळी नऊचा स्लॉट, आणि आमच्या गाडीत तिचं सामान मावत नाही. श्रीकांत, तुमची एफ-150 पिकअप त्या सकाळी मिळेल का?

वैशाली


श्रीकांत (नोव्हाय), शनिवार सकाळी

मिळेल वहिनी, पण त्याच दिवशी प्रसादने मला ढोल आणि मखराचं लाकूड स्टोरेजमधून आणायला लावलंय, अकरा वाजता. तुमचं नऊचं आटपून साडेदहाला ऍन आर्बरहून निघालो तर जमेल. सामान उतरवायला तिथे थोडाच वेळ देतात, तेव्हा खोके आधी बांधून ठेवा, उशा-पांघरुणं काळ्या पिशव्यांत भरा आणि सईच्या बाबांना म्हणावं फ्रिजचा काय निकाल लागतो तो शुक्रवारपर्यंत सांगा. फ्रिज असेल तर मला पट्टे आणावे लागतील.


प्रसाद, लिस्ट मॉडरेटर, शनिवार सकाळी

श्रीकांत, अकरा नाही, साडेदहा. अकराला स्टोरेजवाला निघून जातो.