सायकल ट्रॅक काढायचे, की त्यांच्यासाठी पार्किंग काढायचं?

पायडल१७:
मुंबईत बीकेसीतला (वांद्रे-कुर्ला संकुल) सायकल ट्रॅक काढून तिथे गाड्यांची लेन वाढवायचं एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २०२५ मध्ये ठरवलं. कारण काय, तर ट्रॅक कोणी वापरत नाही. पुण्याला हे फार जवळचं आहे. इथे बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) सातारा रस्ता, सोलापूर रस्त्याला ट्रॅक झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने ८२४ किलोमीटर जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यातलं सलग किती आहे ते सगळ्यांना दिसतंच.

ट्रॅक ओस पडतो तो तुटक असल्यामुळे. थोडा ट्रॅक, मग महावितरणचा डीपी (विजेची पेटी), मग झाड, पुढे काहीच नाही. आणि "जागा नाही" हे २४ मीटर रुंद रस्त्याला तरी लागू नाही. फुटपाथ दोन्हीकडे अडीच मीटर, झाले ५. ट्रॅक दोन्हीकडे दोन मीटर, म्हणजे ४. तीन-तीन मीटरच्या चार लेन, १२. उरले ३, त्यात दुभाजक एक मीटरचा आणि ट्रॅक-लेनमध्ये दोन्हीकडे एकेक मीटरची पट्टी. सगळं बसतं, पार्किंग तेवढं बसत नाही. रस्त्याला समांतर लावलेली गाडी साधारण दोन मीटर खाते, नेमकी ट्रॅकएवढी. भांडण तिथे आहे.

चौथा_गिअर:
हिशेब कागदावर बरोबर आहे, रस्त्यावर चुकतो. माल उतरवणारा टेम्पो, रिक्षा, बसथांबा कुठे धरलेत? बस अडीच मीटर रुंद, शिवाय बाहेर आलेले आरसे. तीन मीटरच्या लेनमध्ये ती कशीबशी मावते. त्याच लेनमध्ये टेम्पो उभा राहिला की मागे बस अडकते आणि तिच्यातली पन्नास-साठ माणसं. दोन मीटर मोकळे होणारच असतील तर ते आधी बसला द्या.

दुसरं, मुख्य रस्त्यावरून हटवलेल्या गाड्या हवेत विरत नाहीत. त्या आतल्या ९ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना लागतात, मध्ये जेमतेम पाच मीटर उरतात. समोरासमोर दोन गाड्या आल्या की कोंडी, आणि अशा वेळी अग्निशमनचा बंब आला तर तो तिथेच थांबणार. पार्किंगला पैसे लावल्याशिवाय आणि आतल्या रस्त्यांवर एकाच बाजूला पार्किंग केल्याशिवाय ट्रॅक करू नका.

डावी_कड:
मी सायकलच्याच बाजूने बोलतोय, तरी धाग्याशी असहमत. ट्रॅकने सायकलवाला मधल्या टप्प्यात सुरक्षित होतो, पण जीव जातो चौकात. सायकल सरळ निघालेली, शेजारची गाडी डावीकडे वळते. ट्रॅक पार्क केलेल्या गाड्यांच्या किंवा झाडांच्या आडून येत असेल तर ड्रायव्हरला सायकल दिसते ती बॉनेटपाशी. सायकल लेनमध्येच असती तर आधीपासून नजरेत राहिली असती.

म्हणून १२ मीटर आणि त्याखालच्या रस्त्यांवर ट्रॅक नको, ताशी ३० ची मर्यादा हवी. ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते, ३० च्या वेगात ८ मीटरच्या आसपास. ब्रेकवर पाय पडायच्या आतलाच हा फरक आहे. आणि मर्यादा पाटी लावून येत नाही. ठरावीक अंतरावर नीट आकाराचे उंचवटे आणि अरुंद लेन असली तरच वेग उतरतो.

खडी_डांबर:
चौकाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. बाजूचा रस्ता जिथे मिळतो तिथल्या कोपऱ्याची त्रिज्या १०-१२ मीटर असेल तर गाडी वेग न सोडता वळते. ती ५-६ वर आणा. ट्रॅक तिथे लेनपासून एका गाडीच्या लांबीइतका, म्हणजे ५ मीटर आत घ्या आणि १० सेंटिमीटर उंच ठेवून सलग पलीकडे न्या. गाडी वळून जवळपास काटकोनात येते, ड्रायव्हरला सायकल खिडकीतून समोर दिसते, आरशात शोधावी लागत नाही.

आता आपल्याकडे हमखास चुकतं ते. सोसायटीच्या गेटसमोर अख्खा ट्रॅक उतरवतात. दर वीस मीटरला खाली-वर करायला कोणाला आवडेल? उतार त्या एक मीटरच्या पट्टीतच संपवायचा, ट्रॅकची पातळी हलवायची नाही. पावसाळी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असल्या की २५-३२ मिलिमीटरचा टायर सरळ आत जातो. जाळी फिरवता येत नसेल तर दर दहा सेंटिमीटरला आडवी पट्टी वेल्ड करा, एका दिवसाचं काम आहे. पेव्हर ब्लॉक तर नकोतच. कडेचा कर्ब सैल झाला की पाण्याबरोबर खालची वाळू जाते आणि ब्लॉक खचतात. डांबर घाला.

गाड्या ट्रॅकवर शिरू नयेत म्हणून रोवतात त्या बुटक्या खांबांवर, म्हणजे बोलार्डवर, फार विसंबू नका. ॲक्टिव्हाचं हँडल ७० सेंटिमीटरच्या आसपास, साध्या सायकलचं ६० च्या आसपास. स्कूटर अडेल इतकं अंतर ठेवलं तर व्हीलचेअर नक्की अडते, तिला ९० लागतात. बोलार्डने चारचाकी थांबते, दुचाकीला दंडच हवा.

चौथा_गिअर:
गेट आणि जाळीचं पटलं. टेम्पो आणि बसचं उत्तर अजून आलेलं नाही.

पायडल१७:
बसथांब्यापाशी ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायचा. एक मीटरची पट्टी आहेच, एक मीटर फुटपाथमधून घ्यायचा, म्हणजे दोन मीटरचं बेट मिळतं. थांब्यावरची माणसं बेटावर गेल्यामुळे उरलेला दीड मीटर फुटपाथ चालणाऱ्यांना पुरतो. बस लेनमध्येच थांबते, पुन्हा आत शिरण्यासाठी तिला वाट बघावी लागत नाही.

टेम्पोसाठी प्रत्येक आडव्या रस्त्यावर, कोपऱ्यापासून दहा मीटर सोडून, पुढचे पंधरा मीटर राखीव ठेवा. दोन टेम्पो राहतात आणि कोपराही मोकळा दिसतो. दुकानापर्यंत हातगाडीने जेमतेम दोन मिनिटं.

आतल्या रस्त्यांवर एकाच बाजूला पार्किंग ही तुमची अट मला मान्य आहे. ती ट्रॅकच्याच निविदेत घाला, नाहीतर राहून जाते. आणि डावी_कड यांचंही घेतो, १२ मीटरखाली ट्रॅकची मागणी करत नाही.

डावी_कड:
मग १८ मीटरचं काय? फुटपाथ ४, ट्रॅक ४, उरतात १०. तीन लेन करून पट्टी अर्ध्या मीटरवर आणलीत तर गेटचा उतार त्यात बसत नाही, पुन्हा ट्रॅकच खाली-वर होणार. दोनच लेन ठेवा, पट्टी पूर्ण द्या. यावर आराखड्याची बाजू घेणाऱ्यांनी बोलावं.