‘चार इंची चक’ म्हणजे चार इंच नेमके कशाचे?

खानापूरकर
शब्दाचा अर्थ विचारतोय, खरं त्यावर पैसे अडकलेत. घरी लाकूड फिरवून कातायची लेथ आहे, पाटीवर ‘१२ इंच’ लिहिलंय. आजवर दोन सेंटरांच्या मधे धरून लाटणी, रव्या, पाळण्याचे कातीव खांब केले. आता फणसाच्या लाकडाच्या वाट्या कातायच्या आहेत. वाटी आतून पोखरायची तर लाकूड एकाच बाजूनं धरायला पाहिजे, म्हणून चक, म्हणजे लेथवर लाकूड पकडणारा पंजा, घ्यायचाय. बेळगावात एका दुकानात विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘ट्रू देऊ का डॉग?’ मी म्हटलं चार जॉ, म्हणजे चार जबड्यांचा. त्यांनी डॉग काढून ठेवला. मोबाइलवर बघावं तर ‘१०० मिमी चक, ५० मिमी जॉ’. यातला माझ्या वाटीचा आकडा कुठला? ‘चार इंची चक’ म्हणजे चार इंचाचं लाकूड धरणारा, असं मी समजतोय.

उद्यमबागवाला
तसं नाही. चार इंच हे चकच्या अंगाचं, मागच्या गोल बॉडीचं बाहेरचं माप. १०० मिमी आणि चार इंच जवळपास एकच. लाकूड केवढं धरणार ते जॉवर ठरतं, आणि एकाच अंगावर लहान-मोठे जॉ बदलून बसतात.

दुकानदाराचं काही चुकलं नाही. आमच्या लोखंडकामाच्या शॉपमध्ये ‘ट्रू चक’ म्हणजे तीन जॉचा. चावी एकदा फिरवली की तिन्ही बरोबरीनं आत येतात आणि जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, आपोआप मध्यावर बसतो. ‘डॉग चक’ चार जॉचा, प्रत्येक जॉ आपल्यापुरता. चार ठिकाणी चावी लावा, डायल बघा, मध्य काढा. त्यामुळं इथं कुणी ‘चार जॉ’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात डॉगच येतो. लाकडाचा चक जॉनं चार, खरं वागायला ट्रू. दुकानात ‘लाकूडकामाचा, चार जॉ, सेल्फ सेंटरिंग’ असं पुरतं सांगा.

टिळकवाडी
थोडं विषयांतर. ‘कातीव’ वाचून बरं वाटलं. हल्ली हा शब्द फक्त नटाच्या चेहऱ्याला लावतात. कातणं सुताचंही आणि लाकडाचंही. लाकूड कातणारा तो कातारी. गोकाकची खेळणी मात्र कातीव नव्हेत, कोरीव. दुकानदारच दोन्हीला ‘हँडमेड’ म्हणून मोकळे होतात. असो. त्या १२ इंचांचं काय?

उद्यमबागवाला
लाकडाच्या लेथवर १२ इंच म्हणजे स्विंग. बेडवर, म्हणजे लेथच्या खालच्या आडव्या पाटावर, न घासता फिरू शकणाऱ्या लाकडाचा जास्तीत जास्त व्यास. तीच मशीन आमच्या भाषेत ‘सहा इंच सेंटर हाइट’, कारण आम्ही बेडपासून मध्यापर्यंत मोजतो. आणि जॉबवर्कवाला तर लेथ फुटावर बोलतो, साडेचार फुटी, सहा फुटी. ती बेडची लांबी. जुनी मशीन घेताना ‘बारा’ आणि ‘सहा’ यावरून भांडणं होतात. दोघंही खरंच बोलत असतात.

निपाणी
एवढं कशाला? पाहुण्यांच्या शॉपमधला जुना तीन जॉचा ट्रू चक बसवायचा. लोखंड धरतो तो लाकूड धरणार नाही काय?

येळ्ळूर
धरतोय की. खरं लाकूड चेपतोय. लोखंडाच्या चकचे जॉ अरुंद, तीन ठिकाणी दात रोवल्यागत धरतात. ओलसर फणस असला तर रेषा दबतात आणि थोड्या वेळानं पकड सैल. वर जॉ बाहेर आले की बोटांच्या सांध्यावर बसतात. लाकडाची लेथ किती वेगात फिरते ते तुम्हाला ठाऊक हायच. जुन्या बिडाच्या चकवर वेगाची मर्यादा लिहिलेली असती, ती आधी वाचा. चौकोनी ठोकळा तीन जॉत नीट बसत नाही ते वेगळंच.

खानापूरकर, तुमच्या कामाचा आकडा ५० चा. वाटीच्या बुडाला गोल कुसू, म्हणजे बुटका खुंटा, काढायचं, आणि जॉ त्या कुसवाला धरणार. कुसू वाटीच्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं ठेवायचं. सहा इंची वाटी म्हणजे १५० मिमी, तिचं कुसू ५० मिमी. आता बघा, ५० चे जॉ का म्हणतात ते.

खानापूरकर
म्हणजे ५० चे जॉ फक्त ५० लाच का मामा? उघडतात तर बरेच.

येळ्ळूर
उघडतात. खरं धरणं येगळं आणि नीट धरणं येगळं. हे जॉ आधी एक अख्खं कडं म्हणून कातलेले असतात आणि मग चार तुकडे केलेले. म्हणून जवळजवळ मिटलेले असताना, मधे थोडी फट राहिली की, चारही मिळून पुरतं वर्तुळ होतंय. त्या मापाला कुसू आलं तर सगळीकडनं टेकतं. कुसू जाड ठेवलं आणि जॉ ताणून उघडले की प्रत्येक जॉची दोन टोकंच तेवढी रुततात. वाटी काढून कुसू बघायचं. आठ ओरखडे दिसले तर माप मोठं हाय. सलग दाबाची गोल रेघ दिसली तर बरोबर.

दुसरं, कुसू लांब ठेवू नये. ८-१० मिमी बास. त्याचं टोक चकच्या बुडाला टेकता कामा नये. वाटीचा खांदा जॉच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे. धक्का खांदा सोसतो, कुसू नुसतं ओढून धरतंय. आणि कड सरळ नको, जॉच्या उतारासारखी मुळाशी थोडी आत घेतलेली पाहिजे.

टिळकवाडी
‘कुसू’! सुतारांच्या तोंडी अजून आहे तर. मला वाटलं, फक्त चौकटीच्या सांध्यालाच म्हणतात.

येळ्ळूर
आमच्याकडं दोन्हीला म्हणतात. पोरं ‘टेनन’ म्हणतात. काम तेच.

निपाणी
बरं, माझा ट्रू चक राहिला बाजूला. मग चकच जरा मोठा, पाच इंची घेतला तर? एकदाच खर्च.

उद्यमबागवाला
१२ इंची लेथला नको. मोठा चक जड, शिवाय हेडस्टॉकपासून, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या डोक्यापासून, लांब येतो. लाकूड तेवढं आणखी पुढं लटकतं, बेअरिंगवर भार आणि थरथर. साधारण हिशेब असा: १० इंची लेथला तीन-साडेतीन इंची, १२ ते १६ ला चार इंची, त्याच्या वर पाच. चार इंचीवर पुढं मोठे जॉ लावता येतात. दहा-अकरा इंचाची परडी करायची झाली तर तिसरा हिस्सा ९० मिमीच्या आसपास जातो, तेव्हा १०० चे जॉ घ्या. पेन, भोवरे करायचे तर २५ चे.

खरं सगळ्यात आधी स्पिंडलचे, म्हणजे चक ज्यावर चढतो त्या फिरत्या दांड्याचे, आटे बघा. चक तुमच्या स्पिंडलवर चढला नाही तर बाकीचे आकडे घरी. लहान-मध्यम लेथना बहुतेक १ इंच, इंचाला ८ आटे असतात. काहींना पाऊण इंच, १६ आटे. मोठ्यांना ३३ मिमी, ३.५ पिच, म्हणजे दोन आट्यांमधे ३.५ मिमी. बऱ्याच चकमध्ये मधली अ‍ॅडॉप्टरची बुशी बदलता येते, ती कुठली पाहिजे ते ऑर्डरमध्येच लिहायचं.

खानापूरकर
पट्टी लावून मोजलं. व्यास १ इंच, इंचात ८ आटे. मग लिहून देतो ते असं: लाकूडकामाचा चार जॉ सेल्फ सेंटरिंग चक, बॉडी १०० मिमी, जॉ ५० मिमी, अ‍ॅडॉप्टर १ इंच ८ आटे. बरोबर?

येळ्ळूर
बरोबर. सोबत चकचा स्क्रू येतोय का विचार. वाटीची बाहेरची बाजू आणि कुसू काढताना ठोकळा त्याच्यावरच फिरवायचा असतो. येत नसला तर फेसप्लेट, म्हणजे ठोकळा स्क्रूनं बसवायची सपाट तबकडी, घे.