डिस्ने उघडलंय म्हणून आई-बाबांना घेऊन ‘बिनधास्त जा’? मला हे पटत नाही

केतकी_एडिसन (२४ ऑक्टोबर २०२०, सकाळी ८:४०)

या करोनात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला कसं जावं, यावर टँपाकर यांनी काल मोठी पोस्ट टाकली. त्यातलं हे वाचून डोकं फिरलं: “पार्क वॉलमार्टपेक्षा सुरक्षित आहे. जुलैपासून एकही उद्रेक झालेला नाही. आई-बाबा भारतातून येऊन अडकले असतील तर त्यांनाही न्या, बिचारे घरात बसून कंटाळलेत. बिनधास्त जा.” खाली सगळे ‘धन्यवाद, तिकीट काढतो’ म्हणतायत, म्हणून हा वेगळा धागा.

पार्क नियम पाळत नाही असं माझं म्हणणं नाही. ११ जुलैला मॅजिक किंग्डम आणि ॲनिमल किंग्डम उघडली, १५ ला एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज. दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला मास्क, आधी तारीख घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, परेड बंद, आतषबाजी बंद, मिकीला मिठी मारणं बंद. सगळं मान्य. पण आपण जातो ते पार्कात नाही, सहलीला जातो. नेवार्कचा विमानतळ, विमान, बस, हॉटेलची लिफ्ट, तिन्ही त्रिकाळ बाहेरचं खाणं आणि हेच सगळं परत उलट. मास्क कितीही चांगला असला तरी जेवताना काढावाच लागतो.

आता ‘एकही उद्रेक नाही’ बद्दल. तो दिसणार कुणाला? ओहायोचा माणूस रविवारी पार्कात लागण घेऊन सोमवारी घरी गेला, शुक्रवारी ताप आला, तर त्याची नोंद ओहायोत होते. त्याला कुणी विचारलंच, तर तो पार्क सांगेल, विमान सांगेल की हॉटेलचा नाश्ता? आणि दारावर ताप बघतात त्याचं कौतुक मला सांगू नका. लक्षणं दिसायच्या आधीचे एकदोन दिवस माणूस सगळ्यात जास्त पसरवतो, तेव्हा अंग गारच असतं.

आणि आई-बाबा? साठी-सत्तरीची, मधुमेह-रक्तदाबाची माणसं, इथला मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) नाही, हातात फक्त व्हिजिटर इन्शुरन्स. त्यांना ‘न्या’ असं एका ओळीत लिहून मोकळं होणं मला बेजबाबदार वाटतं.

टँपाकर (सकाळी ९:२५)

केतकीताई, नाव घेतलंत ते बरं केलंत, उत्तर देता येईल. मी ऐकीव लिहिलेलं नाही. आमचा वार्षिक पास आहे, घरापासून गाडीने दीड तास, जुलैपासून जातोय.

हॉन्टेड मॅन्शन या राइडची ती लांब होत जाणारी खोली आठवते ना, जिथे एरवी खच्चून माणसं भरून दार लावतात? आता दोन्ही दारं उघडी ठेवून न थांबता पुढे चालायला लावतात. रांगेत जमिनीवर पट्ट्या, वळणावर प्लास्टिकचे पडदे. हातात पॉपकॉर्न घेऊन मास्क हनुवटीवर आणून चालणाऱ्या एकाला माझ्यासमोर थांबवलं आणि ‘बाजूला उभं राहून खा, मग चाला’ म्हणून सांगितलं. राइडवर मास्क काढला तर फोटोसुद्धा देत नाहीत. एडिसनच्या कुठल्या इंडियन ग्रोसरीत इतकी शिस्त आहे? धण्याची पुडी घ्यायला लोक एकमेकांच्या खांद्यावरून हात घालतात, तिकडे तुम्ही दर शनिवारी जाता.

बहुतेक सगळं उघड्यावर आहे. घरात चार कुटुंबं बोलावून पॉटलक करणाऱ्यांनी मला जबाबदारी शिकवू नये. सीडीसी या इथल्या रोगनियंत्रण संस्थेचे प्रमुख रेडफिल्ड परवाच म्हणाले की घरगुती छोट्या जमावांतूनच आता जास्त पसरतंय.

सावनी_सॅनहोजे (सकाळी १०:०२)

टँपाकर, घरगुती जमावाबद्दल अनुमोदन. आमच्या ओळखीत ऑगस्टमध्ये एका घरी दीड दिवसाचा गणपती होता, आरतीला ‘फक्त जवळचे’ बोलावले, त्यातली तीन घरं आजारी पडली.

पण उद्रेकाबद्दल केतकीचं बरोबर आहे, आणि त्याला डिस्नेचंच उदाहरण आहे. डिसेंबर २०१४ मध्ये इथल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला, सव्वाशेच्या आसपास केसेस. तो पार्कपर्यंत मागे नेता का आला? गोवर अमेरिकेत जवळजवळ संपला होता, अंगावर पुरळ दिसतं, प्रत्येक केस तपासली जाते. त्या साथीनंतरच कॅलिफोर्नियाने शाळेच्या लशींमधली वैयक्तिक श्रद्धेची सूट काढून टाकली. करोना गल्लोगल्ली असताना तसा माग काढणं अशक्य आहे. सापडलं नाही म्हणजे घडलं नाही, असं त्यातून निघत नाही.

आमच्याकडे अजून बंदच आहे. मंगळवारी राज्याने नियम काढले, काउंटी (म्हणजे जिल्हा) सगळ्यात कमी धोक्याच्या पिवळ्या गटात आल्याशिवाय मोठी पार्कं उघडायची नाहीत. डिस्नेलँडची ऑरेंज काउंटी अजून लाल गटात आहे.

किसिमीकरीण (सकाळी १०:४७)

तुम्ही सगळे येणारे-जाणारे बोलताय, मी इथे ऑरलँडोशेजारी राहते. पार्क बंद ठेवा म्हणणं सोपं आहे. डिस्नेने गेल्याच महिन्यात पार्क विभागातून २८ हजार लोकांना कमी करायचं जाहीर केलं, त्यातले दोनतृतीयांश पार्टटाइम. हॉटेलं, टॅक्सीवाले, धुलाईवाले त्यात धरलेलेच नाहीत. मी एका हॉटेलात फ्रंट डेस्कला होते, मार्चमध्ये घरी बसवलं ते अजून बोलावलेलं नाही. फूड बँकेच्या रांगेत माझ्या पुढे आमच्याच हॉटेलातला शेफ उभा होता.

लोक आले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. पण आले की लॉबीत मास्क काढतात आणि ‘आम्ही सुट्टीवर आहोत’ म्हणतात, हेही मी जुन्या सहकाऱ्यांकडून रोज ऐकते. गव्हर्नरने २५ सप्टेंबरला रेस्टॉरंटं पूर्ण मोकळी केली आणि मास्कचे दंड वसूल करणं थांबवलं. पार्कच्या फाटकाबाहेर शिस्त नावाची गोष्ट नाही.

रात्रपाळी_ह्यूस्टन (सकाळी ११:१५)

रेस्पिरेटरी थेरपिस्ट (श्वसनोपचार तज्ज्ञ) आहे, जुलै कसा गेला ते सांगत नाही. तरुण, धडधाकट, आपल्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला मी ‘जाऊ नका’ म्हणणार नाही. विमानाने जाऊन हॉटेलात राहणाऱ्याला म्हणेन. आणि सत्तरीच्या मधुमेही माणसाला तर हात जोडून म्हणेन. या तिघांना एकच सल्ला देणारी पोस्ट चुकीची आहे, टँपाकर. तुमचा अनुभव पहिल्या प्रकारचा आणि सल्ला तिसऱ्याला.

टँपाकर (सकाळी ११:३८)

सल्ला देताना मी कुणाला ओढून नेत नाही. लोक सुजाण आहेत. आणि माणूस नुसता फुप्फुसांनी जगत नाही. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. मार्च ते जुलै त्याची शाळा, थेरपी, पोहणं, सगळं एका दिवशी बंद झालं. तो भिंतीवर डोकं आपटायचा. पहिल्यांदा पार्कात गेलो तेव्हा ठरलेल्या बाकावर बसून ठरलेली बोट बघत दोन तास शांत होता. घरी बसा म्हणणाऱ्यांनी त्या चार महिन्यांची किंमत धरलीय का?

केतकी_एडिसन (सकाळी ११:५५)

नाही धरली, आणि तुमच्या मुलासाठी तुम्ही गेलात यात मला काहीच चूक दिसत नाही. हे तुम्ही पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी धागा काढलाच नसता. तिथे लिहिलंत ते सगळ्यांसाठी ‘बिनधास्त’.

खोपोलीकर (दुपारी १२:१०)

इकडे रात्र झालीय, तरी राहवत नाही. यंदा ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पायी वारी बंद, लालबागच्या राजाची मूर्ती बसवली नाही, त्या जागी रक्तदान आणि प्लाझ्माचं शिबिर घेतलं. देवळं अजून बंद आहेत. आमच्या आईने वारी सोडली, आणि तिथे तुम्हाला थँक्सगिव्हिंगला मिकी सोडवत नाही?

टँपाकर (दुपारी १२:१८)

लाखोंची वारी आणि तारीख देऊन माणसं मोजून सोडणारं पार्क यांची तुलना होत नाही. ते राहू दे.

विमापीडित (दुपारी १२:५०)

अवांतर होतंय, पण केतकीताईंनी व्हिजिटर इन्शुरन्सचा उल्लेख केला म्हणून लिहितो. ज्यांचे आई-वडील इथे आहेत त्यांनी पार्कचा विचार करायच्या आधी पॉलिसी उघडून बघा. आमच्याकडे ‘फिक्स्ड’ प्रकारची होती. स्वस्त पडली म्हणून घेतली. वडिलांना जूनमध्ये न्यूमोनिया झाला (करोना नव्हता). हॉस्पिटलच्या दिवसाला ठरावीक रक्कम, डॉक्टरच्या भेटीला ठरावीक रक्कम, बाकी सगळं आमच्या माथी. बिल बघून बायको स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. वर कंपनीने मधुमेह ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून दोन महिने कागद मागवले. अजून हप्ते फेडतोय.

रात्रपाळी_ह्यूस्टन (दुपारी १:०५)

याला माझे दहा अंगठे. नातेवाईक आम्हाला आयसीयूच्या दारात विचारतात, ‘इन्शुरन्स आहे ना, मग?’ कुठला, ते कुणालाच माहीत नसतं.

सावनी_सॅनहोजे (दुपारी १:२०)

‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घ्यायची. त्यात डिडक्टिबलनंतर (म्हणजे आधी आपण भरायच्या रकमेनंतर) साधारण पहिल्या पाच हजार डॉलरपर्यंत ८० टक्के आणि पुढे मर्यादेपर्यंत पूर्ण, असा हिशोब असतो. पण दोन गोष्टी नीट वाचायच्या. महामारी वगळलेली आहे का, की करोनाला इतर कुठल्याही नव्या आजारासारखं धरलंय? आणि वयाची अट. बऱ्याच पॉलिसींमध्ये सत्तरीनंतर कमाल मर्यादाच खाली येते.

विमापीडित (दुपारी १:३१)

आणि मुदत! सहा महिन्यांची पॉलिसी, विमानं बंद, मुक्काम वाढवायला आय-५३९ हा अर्ज भरला, ३७० डॉलर फी आणि वर माणशी ८५ बायोमेट्रिकचे. या धावपळीत पॉलिसी वाढवायची राहून गेली असे लोक मला माहीत आहेत. मध्ये एक दिवसाची जरी फट पडली तरी नवी पॉलिसी, आणि तोवर झालेलं सगळं ‘आधीपासूनचं’.

किसिमीकरीण (दुपारी १:४०)

भारतातून काढलेली प्रवास पॉलिसी चालते का? माझ्या सासूबाईंकडे ती आहे.

विमापीडित (दुपारी १:५२)

चालते, पण बहुतेक वेळा आधी तुम्ही भरा आणि मग दावा करा. इथलं हॉस्पिटल त्या कंपनीला सरळ बिल पाठवेल का, हे आधी विचारून घ्या.

टँपाकर (दुपारी २:०५)

धागा पार्कवर होता की विम्यावर? पार्कवर बोलायला मुद्दे संपले की हे असं होतं.

केतकी_एडिसन (दुपारी २:११)

मुद्दे संपलेले नाहीत, हाच मुद्दा आहे. ‘आई-बाबांना न्या’ या तुमच्या ओळीची खरी किंमत इथे लिहिली जातेय. ती तुमच्या पोस्टमध्ये नव्हती.

आबा_पुणे_सध्या_एडिसन (दुपारी ३:३०)

मुलाने हा धागा दाखवला. मी त्या अडकलेल्या बाबांपैकी एक. फेब्रुवारीत आलो, एप्रिलचं परतीचं तिकीट रद्द झालं. सगळे आमच्याबद्दल बोलताय, आम्हाला कुणी विचारलेलं नाही. टँपाकर, आम्ही ‘बिचारे’ नाही. केतकी, आम्ही काचेचं सामानही नाही.

कंटाळा येतो हे खरं. सकाळी घराभोवती फेऱ्या, दुपारी पुण्याला फोन, संध्याकाळी नातवाचा गृहपाठ. पण मला मिकी बघायचा नाही. मला माझं घर बघायचंय. मुलगा मागच्या आठवड्यात म्हणाला, ‘बाबा, ऑरलँडोला जाऊ, तुम्हालाही बदल.’ मी विचारलं, मला तिकडे काही झालं तर तू हॉस्पिटलात येऊ शकशील का? तो गप्प बसला. भेटायला सोडत नाहीत हे आम्हालाही वाचता येतं. आमच्यासाठी म्हणून कुणी जाऊ नका आणि आमच्यामुळे अडलं म्हणूनही सांगू नका. नातवाला न्यायचं तर न्या. पण परत आल्यावर दोन आठवडे मी वरच्या खोलीत आणि तुम्ही खाली. मला चालेल. सुनेला चालेल का ते विचारा.

नवाबाप_जर्सीसिटी (दुपारी ४:०२)

टँपाकर यांच्या पोस्टवर ‘तिकीट काढतो’ लिहिणारा मीच. न्यू जर्सीने जास्त केसेसच्या राज्यांची यादी केलीय, त्यात फ्लोरिडा आहे, परतल्यावर १४ दिवस घरी राहायला सांगितलंय. मुलीची शाळा नुकतीच आठवड्यातून दोन दिवस सुरू झालीय, तीही जाईल. पार्कची तारीख सोडून दिली. सुरक्षित आहे की नाही हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही, शाळेचं मात्र ठरलं.

टँपाकर (दुपारी ४:२०)

यादीचं मला माहीत नव्हतं. आम्ही फ्लोरिडात राहतो, आम्हाला ती लागू नाही. मूळ पोस्टमधली आई-बाबांची ओळ काढतोय आणि ‘बिनधास्त’च्या जागी ‘गाडीने येणाऱ्यांनी’ असं करतोय. पार्कबद्दल लिहिलेलं एक अक्षर बदलणार नाही. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

केतकी_एडिसन (दुपारी ४:३३)

तेवढं पुरे. बाकी आपलं जमणार नाही. ‘सुरक्षित’ हा शब्दही काढला असतात तर बरं झालं असतं.

टँपाकर (दुपारी ४:३६)

तो राहणार.

किसिमीकरीण (दुपारी ५:१०)

विमापीडित, सासूबाईंची पॉलिसी शोधली. मुदत ३१ ऑक्टोबरला संपतेय, एकच आठवडा राहिलाय. आजच वाढवता येईल का? त्यांना बीपी आहे.

विमापीडित (दुपारी ५:१८)

आत्ता फोन करा, भारतातल्या कंपनीचं चोवीस तासांचं कॉलसेंटर असतं. मुदत संपायच्या आत वाढवा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका. करोना धरलाय का, हे ईमेलवर लेखी मागा, फोनवरच्या ‘हो’वर जाऊ नका. आणि बीपीच्या गोळ्यांची नावं फॉर्मवर लिहा, लपवू नका.