गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो तो एसेन्सचा असतो का? आणि नवख्या माणसाने पुण्यात सुरुवात कशापासून करावी?

पौडरोडकर:
मंडळी, जाणकारांनी जरा वेळ काढून सांगा. मी आजवर बाटलीतली नेहमीची बिअरच पीत आलोय, किंगफिशर वगैरे, थंडगार असली की झालं असं होतं. गेल्या महिन्यात ऑफिसच्या लोकांबरोबर मुंढव्याच्या बाजूला एका मायक्रोब्रुअरीत (जागेवरच बिअर बनवणारी छोटी जागा) गेलो आणि तिथे हेफेवायझेन म्हणून गव्हाची बिअर घेतली, तर पहिल्या घोटाला पिकलेल्या केळ्याचा वास आणि मागून हलकी लवंग, मला तर फारच आवडली पण टेबलावर वाद झाला, एकजण म्हणतो एसेन्स टाकतात, दुसरा म्हणतो नाही रे ते तसंच असतं. मग आयपीए (इंडिया पेल एल) घेतली ती इतकी कडू की अर्धा ग्लास तसाच राहिला. येताना एक लिटरची ग्राउलर, म्हणजे नळावरून भरून दिलेली बिअरची बाटली, घरी आणली होती, ती रविवारी उघडली तर मेलेली, फेस नाही काही नाही, आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती.

तर प्रश्न असे की हा केळ्याचा प्रकार नक्की काय आहे, आयपीए अशीच असते का, ग्राउलर किती दिवस टिकते, आणि पुढच्या शनिवारी सांगलीहून मावसभाऊ येतोय, त्याने यातलं काहीच प्यायलेलं नाही आणि त्याला आंबा, कोकम असलं काहीतरी घालून केलेली बिअर प्यायची आहे, तर त्याला काय काय आणि कुठल्या क्रमाने द्यावं? जागेचं नाव नको, तिथे गेल्यावर काय बघायचं ते सांगा.

यीस्टवाला:
एसेन्स नाही. मी फर्मेंटेशनमधेच काम करतो (बिअरचं नाही, एन्झाइमचं) त्यामुळे हा माझा लाडका विषय आहे, थोडं लांब लिहितो.

बिअरमधे मूळ चारच गोष्टी, पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे बार्ली किंवा गहू भिजवून मोड आणून वाळवलेला, आपण नाचणीचं सत्त्व करताना करतो तेच. यातलं यीस्ट साखर खाऊन नुसता अल्कोहोल आणि गॅस सोडत नाही, सोबत शेकडो वासाची रसायनं सोडतं. हेफेवायझेनला जे बव्हेरियन यीस्ट वापरतात ते आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं एस्टर (फळासारख्या वासाचं रसायन) भरपूर बनवतं, आणि पिकलेल्या केळ्यात जो वास असतो तो मुख्यतः त्याच एस्टरचा, म्हणजे नक्कल नाही, रेणूच तोच. लवंगेचा वास फोर-व्हिनाइल ग्वायकॉल नावाच्या फिनॉलचा, तोही यीस्टच बनवतं. आता ब्रुअरचं कसब कुठे, तर टाकीचं तापमान वर गेलं की साधारणपणे केळं वाढतं, खाली ठेवलं की लवंग पुढे येते. म्हणून दोन जागची हेफेवायझेन कधीच एकसारखी लागत नाही, कृती तीच असली तरी. जर्मनीत या बिअरला निम्म्याहून जास्त माल्ट गव्हाचा असावाच लागतो, गव्हातल्या प्रोटीनमुळे फेस जाड येतो आणि गाळत नाहीत म्हणून ती ढगाळ दिसते. ढगाळ आहे म्हणजे खराब आहे असं नाही, हे पुण्यात अजून बऱ्याच जणांना सांगावं लागतं.

विटबियर मात्र वेगळी, ती बेल्जियमची, तिच्यात खरोखर धणे आणि संत्र्याची साल घालतात. मेनूवर दोन्ही 'व्हीट बिअर' म्हणून लिहिलेल्या असतात, विचारून घ्या.

नेहमीची बिअर इतकी सपाट का लागते तेही सांगतो. ती लागर, म्हणजे ८ ते १२ अंशांच्या आसपास सावकाश आंबवलेली आणि मग आठवडेच्या आठवडे थंडीत ठेवलेली, अशा थंडीत यीस्ट वास फार कमी सोडतं, आणि मोठ्या कंपन्या वर मका नाहीतर तांदूळ घालून ती अजून हलकी करतात. छोट्या ब्रुअरीकडे टाक्या मोजक्या, लागर एकेक टाकी महिना-दीड महिना अडवून बसते, एल, म्हणजे जास्त उबेत लवकर आंबवलेली बिअर, दोन-तीन आठवड्यांत तयार, म्हणून छोट्यांकडे एल जास्त दिसतात. पण म्हणूनच माझा एक ठाम आग्रह आहे, कुठेही गेलात की आधी तिथली सगळ्यात साधी बिअर मागा, पिल्सनर (फिकट सोनेरी लागर) असेल तर पिल्सनर, नाहीतर ब्लाँड (हलकी सोनेरी एल). तिच्यात दोष लपवायला जागा नसते. थिएटरच्या पॉपकॉर्नसारखा बटरचा वास आला तर डायअॅसिटिल राहिलंय, म्हणजे टाकी घाईने थंड केली. कच्च्या सफरचंदाचा वास आला तर अॅसिटाल्डिहाइड, म्हणजे बिअर अजून कोवळी आहे. ज्याची साधी बिअर स्वच्छ आहे त्याचीच आंब्याची आणि कोकमाची प्यावी, हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

खडकीबाजार:
आयपीएबद्दल मी लिहितो कारण ती अर्ध्यावर सोडली हे वाचून खरंच वाईट वाटलं. कडवटपणा हा दोष नाही, तीच तिची जात आहे. हॉप्स म्हणजे वेलीला येणारी हिरवी फुलं, ती उकळत्या वर्टमधे, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, जितका वेळ शिजतात तितका कडूपणा उतरतो आणि शेवटी शेवटी किंवा थंड झाल्यावर टाकली तर कडू कमी आणि वास जास्त. कडूपणा आयबीयू मधे मोजतात, आपली नेहमीची लागर १०-१५ च्या घरात असते आणि आयपीए सहज ४० ते ७०, म्हणजे तुम्ही एका उडीत तिसऱ्या मजल्यावर गेलात. मधे पेल एल नावाचा जिना आहे, तो घ्या. नाहीतर हेझी आयपीए मागा, तिच्यात हॉप्स उशिरा टाकतात त्यामुळे सिट्रा, मोझॅक असल्या हॉप्सचा आंबा-पपनसासारखा वास येतो पण जीभ आवळत नाही.

आणि नावात इंडिया आहे ते उगाच नाही, अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनचा हॉज्सन हा ब्रुअर इथल्या गोऱ्या लोकांसाठी जास्त हॉप्सची बिअर जहाजाने पाठवायचा, नंतर बर्टन गावच्या ब्रुअरांनी तो धंदा काबीज केला कारण तिथल्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. उलट पिल्सनर जिथे जन्मली त्या पिल्झेन गावचं पाणी अगदी मऊ. पाण्याचा एवढा फरक पडतो, म्हणून टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या ब्रुअरीला ते आरओने पूर्ण साफ करून मग हवे ते क्षार परत घालावे लागतात, हे काम ग्राहकाला कधी दिसत नाही पण चवीत अर्धा वाटा त्याचा.

पुण्याला या बाबतीत अभिमान बाळगायला जागा आहे बरं का. २००९ ला डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली ती इथेच, कोरिंथियन्स क्लबमधे, तेव्हा देशात हा प्रकार जवळजवळ कुणाला ठाऊकच नव्हता. मग मुंढव्यात इंडिपेंडन्स, कोरेगाव पार्कात एफिंगट, नंतर ग्रेट स्टेट, आणि बंगळुरूची टॉइटसुद्धा कल्याणीनगरला आली. एवढ्या वर्षांत पिणाऱ्यांची जीभ तयार झाली म्हणूनच आज इथे सेझाँ (बेल्जियमची एक एल) आणि गोझ (आंबट-खारट बिअर) टॅपवर, म्हणजे नळावर, लागू शकतात, पंधरा वर्षांपूर्वी ते खपलंच नसतं.

देवगडची_सून:
यीस्टवाला दादा, बाकी सगळं पटलं पण 'आधी साधी मग फळाची' हे नाही पटलं. नवीन माणूस येतो तोच मुळी कोकमाच्या ओढीने, त्याला आधी पिल्सनरची परीक्षा कशाला? माझ्या नणंदेला बिअर या प्रकाराचाच तिटकारा होता, तिने कोकमाची गोझ प्यायली आणि तिथून पुढे तिला सगळ्यात रस वाटायला लागला.

गोझ ही जर्मनीतली, गोस्लार आणि लाइपझिगकडची, मुळातच आंबट आणि थोडी खारट, तिच्यात धणे आणि मीठ परंपरेने असतंच आणि आंबटपणा लॅक्टोबॅसिलसचा, म्हणजे दही लावणाऱ्यांचेच भाऊबंद. त्यामुळे कोकम तिच्यात उपरं वाटतच नाही, आंबट, खारट, धण्याचा वास, हे आपल्या जिभेला लहानपणापासून ओळखीचं आहे. सोबत कुरकुरीत बोंबील फ्राय घ्या. मी यापेक्षा चांगली जोडी खाल्लेली नाही.

आंब्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. लोकांना वाटतं गोड लागेल, पण आंब्याची साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे फक्त वास आणि किंचित आंबटपणा उरतो. खऱ्या हापूसची बिअर त्यामुळे कोरडी लागते आणि वास सालीजवळचा, राळेसारखा असतो. ती बाटलीतल्या 'माझा' या आंब्याच्या पेयासारखी गोडमिट्ट लागली तर नंतर सिरप घातलंय हे समजून जा. एप्रिल-मेमधे ताज्या आंब्याची करतात, एरवी डब्यातला पल्प, आणि पल्पची वाईटच असते असं नाही, पण वेटरला बिनधास्त विचारा, ज्यांनी मन लावून केली आहे ते आनंदाने सांगतात.

तसंच गुळाचं. गूळ घातला म्हणजे बिअर गोड नाही होत, गूळ जवळजवळ पूर्ण आंबतो आणि बिअर उलट हलकी, पातळ होते, राहतो तो काकवीचा मागचा वास. स्टाउटमधे, म्हणजे काळ्या बिअरमधे, तो फार सुंदर लागतो, भाजलेल्या बार्लीच्या कॉफीसारख्या चवीला गुळाचा आधार मिळतो. थंडीत अशी स्टाउट आणि तिळाची पोळी एकदा खाऊन बघा.

यीस्टवाला:
ताई, गोझबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, ती फळाची असूनही साधीच बिअर आहे, तिच्यात मीठ जरा जास्त झालं की लगेच उघडं पडतं. माझा राग पल्प ओतून पातळ व्हीट बिअर झाकणाऱ्यांवर आहे.

ग्राउलरचं राहिलं होतं. ओला पुठ्ठा म्हणजे ऑक्सिडेशन, हवा आत गेली. नळाखाली उघडी बाटली धरून भरली की बिअर हवेशी घुसळली जाते. बरोबर पद्धत म्हणजे नळाला नळी लावून तळापासून भरायची आणि फेस तोंडाशी आला की फेसावरच झाकण लावायचं. भरताना समोर उभं राहून बघा आणि नळी नसेल तर घेऊ नका, एवढं सरळ आहे. गॅस गेला तो उष्णतेने, गरम द्रवात कार्बन डायऑक्साइड टिकत नाही, त्यामुळे डिकीत ठेवून दोन ठिकाणी थांबत घरी नेली की खेळ संपला. थर्माकोलचा डबा न्या, घरी फ्रीजमधे उभी ठेवा, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदा उघडली की त्याच बैठकीत. पारदर्शक काचेची असेल तर उन्हात अजिबात नको, हॉप्सवर प्रकाश पडला की कुबट वास सुटतो, बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या त्याचसाठी. आयपीए तर ग्राउलरमधून आणूच नये असं माझं मत, हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. स्टाउट त्यातल्या त्यात दम धरते.

पौडरोडकर:
एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आता भावासाठी असं ठरवतोय, आधी ब्लाँड किंवा पिल्सनर, मग हेफेवायझेन, मग कोकमाची गोझ, मग पेल एल, शेवटी स्टाउट. बरोबर आहे ना? तो सांगलीचा आहे, जेवण झणझणीतच मागवणार. आणि वहिनीपण येतायत, त्यांना गहू-बार्ली चालत नाही, डॉक्टरांनी ग्लुटेन बंद केलंय, त्यांच्यासाठी काय?

देवगडची_सून:
वहिनींना मीड द्या, ती मधापासून करतात, धान्य नसतं. मूनशाइन ही पुण्यातलीच मीडरी आहे, त्यांची अॅपल सायडर मीड आणि कॉफी मीड दोन्ही मिळतात, पहिल्यांदा पिणाऱ्याला सफरचंदाची बरी. तरी बाटलीवरचा मजकूर वाचूनच घ्या, आणि टॅपवरची सायडर असेल तर त्याच नळातून आधी बिअर गेली होती का तेही विचारा, डॉक्टरांनी बंद केलंय म्हटल्यावर तेवढं बघायलाच हवं. वहिनींना संकोच वाटत असेल तर तुम्ही विचारा.

खडकीबाजार:
क्रम चांगला आहे, फक्त गोझ आणि पेल एलच्या मधे पाणी आणि साधा पाव किंवा शेंगदाणे घ्या, आंबटावर लगेच कडू नीट कळत नाही. पाचही पूर्ण ग्लास मागवू नका, बहुतेक ठिकाणी सॅम्पलर मिळतो, छोट्या छोट्या ग्लासांचा, त्यात सगळं चाखून होतं आणि मग आवडली ती एक मोठी घ्या.

तांबड्या रश्श्याबरोबर आयपीए मात्र नको. कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तिखटाला हेफेवायझेनच, नाहीतर डुंकेलसारखी माल्टची गोडसर बिअर. ग्लास बर्फासारखा गार करून आणला तर साधा मागा, फार थंडीत केळं-लवंग काहीच येत नाही, पाच-सात मिनिटं थांबून मग वास घ्या.

शनिवारी रात्री गर्दीत कुणाला बोलायला वेळ नसतो, जमलं तर चार-पाच वाजता जा, ब्रुअर बऱ्याचदा तेव्हा टाक्यांपाशी असतो आणि या आठवड्यात कुठलं केग (बिअरचं पिंप) नवीन लावलंय ते तोच नीट सांगू शकतो. भाऊ २१ च्या वरचा आहे ना, ओळखपत्र सोबत असू द्या. आणि गाडी घरीच ठेवा, मुंढव्याहून पौड रोडपर्यंत कॅब मिळते, रात्री उशिरा थोडं थांबावं लागतं एवढंच.